रात्री दात खाणारी माणसं

आमची आपा रोह्याला अष्टमीत राहते. तिच्याकडे मुक्कामाला गेले की मध्यरात्री माझी झोप हमखास मोडायची. अंधारात कुणीतरी बसून सावकाश खडीसाखर चावतंय, असा आवाज. पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, पोह्यांच्या डब्याला उंदीर लागला. दिवा लावून पाहिलं तर डबा जागच्या जागी, आपा गाढ झोपलेली आणि तिचा खालचा जबडा जात्यासारखा फिरतोय. सकाळी सांगितलं तर हसायला लागली. "चल गं, काहीतरीच. मी कशाला दात खाईन? मी काय कुणावर चिडलेय?"

झोपेत दात खाणाऱ्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. ते शेजारी झोपणाऱ्याने सांगायचं असतं, आणि आपाच्या घरात सांगणारं कुणी नव्हतं. दुल्हेभाई बारा वर्षं कुवेतला, सासूबाईंना कमी ऐकू येतं आणि भाची एकदा झोपली की ढोल वाजवला तरी उठत नाही.

तक्रारी मात्र होत्याच. सकाळी उठल्यावर दोन्ही कानशिलं ठणकायची. तिने चष्म्याचा नंबर बदलून पाहिला. कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आली, कान साफ निघाला. थंड पाणी दातांना झोंबायला लागलं तेव्हा जाहिरातीतली टूथपेस्ट आणली. गालाच्या आतल्या बाजूला पांढरी रेघ आणि जिभेच्या कडेला दातांचे ठसे उमटलेले, तेही तिने आरशात पाहिलेले. या सगळ्याचं मूळ एकच असेल हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि तिनेही कुठल्याच डॉक्टरला सगळ्या तक्रारी एका दमात सांगितल्या नाहीत. कानाच्या डॉक्टरला कान, चष्म्यावाल्याला डोकं.

मग रमजान आला. अकराव्या रोज्याला इफ्तारीला उकडलेले हरभरे होते. आपाने दोन दाणे तोंडात टाकले आणि कट्‌कन आवाज झाला. तिला वाटलं खडा आला. हातावर काढून पाहिलं तर दाढेचा तुकडा.

उकडलेल्या हरभऱ्याने चांगली दाढ फुटत नाही. ती आधीच तडकलेली होती. रोह्याच्या दातांच्या डॉक्टरांनी तिच्या हातात आरसा देऊन दाखवलं, तेव्हा तिचं तिलाच खरं वाटेना. मागच्या दाढांचे उंचवटे झिजून सपाट, सुळ्यांची टोकं गेलेली, पुढचे दात खालून एका रेषेत कापल्यासारखे. दाताचं वरचं कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते आपल्या शरीरातली सगळ्यांत कठीण वस्तू. हाडाहूनही कठीण. पण हाड मोडलं तर सांधतं, इनॅमल एकदा गेलं की पुन्हा येत नाही. दिवसभरात खाता-गिळताना वरखालचे दात एकमेकांना लागतात तो सगळा वेळ मिळून अर्धा तासही भरत नाही. दाताला रात्रभर घासण्याची सवय नसते.

डॉक्टरांनी रूट कॅनाल करून कॅप बसवायला सांगितली आणि वर म्हणाले, नाइट गार्ड करून घ्या, नाहीतर ही कॅपही जाईल. आपाने कॅपचे पैसे मोजले आणि नाइट गार्ड ऐकलाच नाही. भाचीची बारावीची फी भरायची होती, सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. "दुखतंय कुठे आता? आणि माझ्या तोंडात कोण वाकून बघणार आहे?" हे वाक्य मी आमच्या अम्मीच्या तोंडून ऐकलंय, खालाच्या तोंडून ऐकलंय आणि स्वतःही बोललेय. घरातल्या सगळ्यांचे डोळे, गुडघे, फिया उरकल्या की मग बाईचे दात, आणि तोवर ते उरलेलेच नसतात.

घरात उपाय सुरू झाले ते वेगळेच. सासूबाई म्हणाल्या, जंत असतील. आमच्याकडे लहानपणी एखादं पोर दात खायला लागलं की अम्मी वावडिंगाचं पाणी पाजायची. जंतांमुळे दात खातात हे कुठे पक्कं सिद्ध झालेलं नाही. जंतांची गोळी मुलांना जरूर द्या, शाळेत आणि अंगणवाडीत ती वर्षातून दोनदा मिळतेही, पण ती जंतांसाठी. मोहल्ल्यातल्या एका चाचींनी नजर काढायला सांगितली. दुसऱ्या एकीने तर दात खाणारी बाई घराला अपशकुनी म्हणून टाकलं, तेही आपाच्या देखत. प्रौढ माणसांत साधारण दहातला एकजण झोपेत दात खातो, लहान मुलांत त्याहून जास्त. इतक्या माणसांनी आणलेला अपशकुन असता तर मोहल्ल्यात एक घर उभं राहिलं नसतं.

शेवटी भाचीने मोबाइलवर शोधून साडेतीनशे रुपयांचा गार्ड मागवला. गरम पाण्यात टाकायचा, मऊ झाला की तोंडात धरून चावायचा, दातांचा ठसा उमटला की झाला तयार. आपाने दोनदा उकळला. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, मागे घशाशी टोचायचा म्हणून तिने कात्रीने शेवटचा तुकडा कापून टाकला. त्यामुळे शेवटच्या दाढा उघड्याच राहिल्या. तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला, "अगं, जबडा पहिल्यापेक्षा जास्त दुखतोय. झोपेत मी च्युइंगगम चघळल्यासारखी त्यालाच चघळतेय बहुतेक."

तेव्हा मी तिला पेणला बोलावलं. रोह्याहून सकाळची गाडी पकडली की निडी, नागोठणे, कासू करत ती पेणला उतरते. रस्त्याने यायचं म्हणजे भिसे खिंड उतरून वडखळच्या खड्ड्यांतून. तिथे चांगली माणसंही दात आवळून बसतात.

आमच्या डॉक्टरबाईंनी आधी गार्डचं नावच काढलं नाही. वीस मिनिटं नुसते प्रश्न. झोप कशी लागते, घोरता का, दिवसा पेंग येते का, छातीत जळजळ होते का, चहा किती, तंबाखू किंवा मिश्री लावता का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही दात खाण्याचं प्रमाण वाढतं. अशी गोळी चालू असेल तर दातांच्या डॉक्टरला सांगावं, पण आपल्या मनाने ती बंद करू नये. आपाच्या बाबतीत निघालं ते इतकंच: दिवसाला सात कप चहा, त्यातला शेवटचा रात्री दहाला दुल्हेभाईंशी फोनवर बोलताना, आणि दिवसासुद्धा दात आवळून बसायची सवय. स्वतः डॉक्टरबाईंनीच ती पकडली. "आत्ता बोलत नाही आहात, तर दात एकमेकांवर आहेत ना?" आपाने मान हलवली. खरं तर तोंड मिटलेलं असतानाही वरचे आणि खालचे दात सुटे असायला हवेत, मध्ये थोडी फट. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल. आपाने घरी फ्रिजवर, शिलाई मशीनवर आणि देवडीच्या दारावर लाल ठिपके चिकटवले. ठिपका दिसला की जबडा सोडायचा. रात्रीच्या घासण्याला गार्ड आहे, दिवसाच्या आवळण्याला हा ठिपकाच.

मग गार्डची गोष्ट. त्यांनी तीन नमुने टेबलावर ठेवले.

एक मऊ, रबरासारखा. स्वस्त, तोंडात लवकर सवयीचा होतो, दात हलकेच आवळणाऱ्याला किंवा थोड्या दिवसांपुरता ठीक. पण जोरात घासणारा माणूस तो काही महिन्यांत चावून फाडतो, आणि काहींना मऊ वस्तू दातांत आली की चघळायचाच मोह होतो. आपाचं तेच झालं होतं. दुसरा कडक अ‍ॅक्रिलिकचा, काचेसारखा पारदर्शक. पहिले काही दिवस जड वाटतो, पण बरीच वर्षं टिकतो, आणि मुख्य म्हणजे तो घासून-घासून नेमका जुळवता येतो. तिसरा बाहेरून कडक आणि आतून मऊ, दातांना झोंबत असेल त्याला जरा सुखाचा. आपाचे दात किती झिजलेत ते पाहून त्यांनी दुसरा सांगितला. मी मुद्दाम विचारलं, नेटवर पुढच्या चार-सहा दातांपुरता छोटासा मिळतो तो का नको? तर म्हणाल्या, मागच्या दाढांना काहीच टेकायला राहिलं नाही तर लांब पल्ल्यात त्या सरकतात, तोंड मिटण्याची बैठकच बदलते, आणि इतकी छोटी वस्तू झोपेत गिळली जाण्याचीही भीती. गार्ड सगळ्या दातांवर बसणारा हवा.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली जी साडेतीनशेच्या डब्यावर लिहिलेली नव्हती. कीड, हलणारा दात, अर्धवट भरलेली दाढ, जे काही असेल ते आधी उरकायचं आणि मग माप द्यायचं. गार्ड झाल्यावर नवी कॅप बसवली की गार्ड बसत नाही आणि पैसे पाण्यात.

मापासाठी तोंडात गुलाबीसर लगदा भरलेला साचा धरतात. आपाने लगेच विचारलं, हे कशापासून करतात? तिला जिलेटिनची शंका. ते अल्जिनेट, समुद्रातल्या शेवाळापासून काढलेलं. दोन-तीन मिनिटांत घट्ट होतं आणि काढलं की दातांचा उलटा साचा तयार. त्यात पांढरं पीठ कालवून ओततात. आपा बघतच राहिली, "हे तर गणपतीच्या कारखान्यातलं!" आणि खरंच आहे. पेणच्या माणसाला साचा शिकवावा लागत नाही. हमरापूर-जोह्यात मूर्ती ओततात ते प्लॅस्टर आणि दातांच्या लॅबमधलं प्लॅस्टर एकाच जिप्समचं. भाजून त्यातलं पाणी काढायचं, पाणी घातलं की पुन्हा दगड. साच्यात बुडबुडा राहिला तर मूर्तीच्या बोटाला खोट येते, इथे दाढेच्या कोपऱ्याला. उकळून चावलेल्या गार्डला हा दगडी साचाच नसतो.

आठवड्याने गार्ड आला. तो नुसता हातात देऊन पाठवलं तर समजा काम अर्धंच झालं. डॉक्टरबाईंनी निळा कागद दातांमध्ये धरून चावायला लावलं, जिथे गडद ठिपका उमटला तिथे घासलं, पुन्हा कागद, पुन्हा घासणं. अर्धा तास हेच. सगळ्या दाढा एकाच वेळी, एकसारख्या टेकायला हव्यात. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं. पहिले काही दिवस लाळ सुटते, घट्ट वाटतं, सकाळी काढल्यावर पाच-दहा मिनिटं दात नीट जुळत नाहीत. तेवढं चालतं. तासाभराने, दुपारीही चावा बदललेला वाटत असेल किंवा एकच दात दुखत असेल तर वापर थांबवून परत जायचं.

पैशाचं सांगते. मऊ गार्डला तिथे दोन हजार सांगितले, कडकाला पाच. गावोगावी आणि दवाखान्यागणिक फरक पडतो. पाच हजार ऐकून आपा उठायलाच लागली होती. मी तिला कॅपची पावती काढायला लावली. एका दाढेच्या रूट कॅनाल आणि कॅपला तिने याच्या दुप्पट दिले होते, आणि तशा सपाट झालेल्या दाढा अजून सात. मग ती बसली. ज्यांना इतके जमत नाहीत त्यांनी दंत महाविद्यालयात जावं. कामोठे, खारघर आणि नेरूळला ती आहेत, मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात सरकारी आहे, मुंबई सेंट्रलला नायर आहे. शिकणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ आणि खेपा जास्त, खर्च कमी. आधी चौकशी करून जावं म्हणजे खेप फुकट जात नाही.

आता आमच्या घरचं. आपाचं चाललं होतं तेव्हा माझ्या मनात आलं, आमचे हेसुद्धा रात्री दात खातात, तर दोन गार्ड एकदम करून घ्यावेत, काहीतरी कमी करतील. हे टेम्पो चालवतात. गणपतीच्या आधीचे दोन महिने मूर्ती घेऊन रात्र-रात्र मुंबई-गोवा रस्त्यावर, एरवी पोहे आणि भाजी. मी त्यांना ओढतच नेलं. डॉक्टरबाईंनी तेच प्रश्न विचारले. उत्तरं मीच दिली. घोरतात? भिंत हलते. मध्येच श्वास थांबल्यासारखं होऊन दचकून उठतात? रोज. दिवसा पेंग? जेवल्यावर बसल्या जागी. मान? सतरा इंचांचा शर्टाचा गळा लागतो.

त्यांनी माप घेतलं नाही. म्हणाल्या, "यांना गार्ड मी आत्ता करणार नाही. आधी झोपेची तपासणी करा." मला राग आला, खरं सांगते. पैसे द्यायला तयार असलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवतात म्हणजे काय? पण त्यांनी समजावलं. झोपेत घशाची वाट मिटून श्वास पुन्हा पुन्हा अडकतो, त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. काही माणसांचं दात खाणं या अडकण्या-जागण्याबरोबरच येतं. अशा माणसाच्या वरच्या दातांवर साधा गार्ड बसवला तर काहींचा श्वास आणखी अडकू शकतो. दात वाचतील, पण माणूस गाडी चालवतोय.

नवी मुंबईत एका रात्रीची तपासणी झाली. अंगाला तारा लावून झोपवतात आणि रात्रभर श्वास, प्राणवायू, हृदयाचे ठोके नोंदतात. यांचा श्वास तासाला इतक्या वेळा थांबत होता की डॉक्टरांनी त्याच दिवशी विचारलं, गाडी चालवताना कधी डोळा लागलाय का? हे गप्प बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, दोनदा. एकदा कासूजवळ, मागे मूर्ती भरलेल्या. आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मला त्यातलं एकही माहीत नव्हतं. आता नाकावर मास्क लावून हवा सोडणारं मशीन आहे. महाग पडलं, हप्त्यांवर घेतलं. पहिल्या महिन्यात त्यांनी ते चारदा भिंतीवर फेकायची धमकी दिली. दात खाण्याचा आवाज पुष्कळ कमी झालाय. गार्डचं पुढच्या तपासणीला बघू म्हणाल्यात.

म्हणून ज्याच्या घोरण्यात श्वास तुटतो, त्याच्यासाठी गार्ड परस्पर मागवू नका. आणि लहान मुलांसाठीही नको. दुधाचे दात पडत-येत असतात, जबडा वाढत असतो, त्यात पक्का साचा घालून अडवणूक करायची नाही. बहुतेक मुलांचं दात खाणं वयाबरोबर आपोआप सुटतं. सोबत घोरणं किंवा तोंड उघडं टाकून झोपणं असेल तर मात्र डॉक्टरला दाखवा, टॉन्सिलची भानगड असू शकते.

गार्डची निगा सोपी आहे पण शिस्तीची. आधी दात घासायचे, मग गार्ड घालायचा. सकाळी काढला की साध्या पाण्याखाली मऊ ब्रशने धुवायचा. टूथपेस्टने चरे पडतात, गरम पाण्याने तो वाकडा होतो. हवा खेळेल अशा डबीत ठेवायचा. कागदात गुंडाळून उशाशी ठेवलेले गार्ड केरात जातात, आणि मांजर असलेल्या घरात त्याहून लवकर. आपाच्या मन्नूने पहिल्याच आठवड्यात तो कॉटखाली नेला होता. डॉक्टरकडे जाताना गार्ड दर वेळी सोबत न्यावा.

आपाने एक प्रश्न मला विचारला तो बऱ्याच जणींच्या मनात असेल. वुजूचं काय? गार्ड बसवलेला नसतो, घातलेला असतो. फजरला उठलं की काढायचा, तोंड धुवायचं, झालं. रमजानमध्ये ती तरावीहनंतर घालते, सेहरीला काढून धुऊन डबीत टाकते. फजरनंतर डोळा लागला तर लागला, तेवढा वेळ विनागार्ड. माप मात्र तिने ईदनंतर दिलं, तोंडात लगदा आणि पाणी भरून रोजा सांभाळत बसायचं तिला नको होतं. कुणाला यात मसला वाटत असेल त्यांनी आपल्या इमामसाहेबांना विचारावं, माझं काम दातांपुरतं.

गेल्या महिन्यात आपाच्या गार्डला वर्ष झालं. डॉक्टरबाईंनी तो उजेडात धरला तर डाव्या बाजूला दाढांच्या जागी खोलगट चरे पडलेले, नखाला लागतील असे. म्हणजे दात ती अजूनही खाते. कानशिलं मात्र ठणकायची थांबलीत. सासूबाईंना आवाज कधीच ऐकू आला नाही, तरी रात्री दिवा मालवायच्या आधी त्याच विचारतात, डबी घेतलीस का गं?

पुढच्या महिन्यात दुधाच्या दातांच्या किडीविषयी. महाड आणि श्रीवर्धनच्या तीन भगिनींची पत्रं आली आहेत, त्यांना तोवर सबुरीची विनंती.